पत्ता न वाचता पोहोचणारी पाकिटे

मागील महिन्यात माझा भाचा घरी आला तो हातात एक कागद घेऊनच. पुण्याच्या मार्केट यार्डात त्याचा किराणा व मसाल्याच्या मालाचा घाऊक व्यापार आहे. एक दुकान अहिल्यानगरला, एक जालन्याला आणि गोदाम शहराबाहेर. चारही ठिकाणचे संगणक एकमेकांना जोडावेत म्हणून त्याने एका कंपनीकडून दरपत्रक मागविले होते. त्यात दोन रकाने होते. एकात साधे ब्रॉडबँड, दुसऱ्यात 'एमपीएलएस लाईन'. दुसऱ्या रकान्यातील मासिक भाडे पहिल्याच्या कितीतरी पट होते.

"मामा, त्यांचा माणूस म्हणतो की ही लाईन आतल्या आत जाते, बाहेरच्या इंटरनेटवर येतच नाही, म्हणजे अगदी कुलूपबंद. तुमच्या बँकेच्या सगळ्या शाखा याच्यावरच चालायच्या ना? मग घेऊन टाकू का?"

कर्ज विभागात अनेक वर्षे काढल्याने मला एक खोड जडली आहे. किंमत विचारण्यापूर्वी, विकले जात आहे ते नेमके काय, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. भाच्याला ते ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर, शाखाधिकारी असताना कित्येक वर्षे मलाही ठाऊक नव्हते. दरमहा भाड्याचे बिल येई, मी त्यावर सही करीत असे. एका दुपारी फटका बसला तेव्हा मात्र माहिती करून घेणे भाग पडले. त्या दुपारविषयी पुढे सांगेन. आधी ही पाकिटे प्रवास कसा करतात ते पाहू.

संगणकावरून जी माहिती दुसऱ्या गावी जाते, ती सलग धाग्यासारखी जात नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आकड्यांत लिहिलेला असतो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण पाकीट म्हणू. वाटेत ठिकठिकाणी राउटर नावाची यंत्रे बसविलेली असतात. त्यांचे काम टपाल छाननी कार्यालयासारखे आहे: आलेले पाकीट पाहायचे, पत्ता वाचायचा आणि योग्य दिशेला सोडायचे.

हा पत्ता वाचण्याची रीत समजण्यास आपला पिनकोड उपयोगी पडतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, आणि ते संस्कृतचेही मोठे पंडित होते. जालन्याचा पिन ४३१२०३. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. पुण्यात छाननी करणाऱ्याला पूर्ण सहा आकडे पाहण्याची गरज नाही. ४३१ पाहिले की थैली कोणती ते ठरते. जसजसे पत्र जवळ जाते, तसतसे पुढचे आकडे वाचावे लागतात. राउटरही असेच करतो. त्याच्याजवळ एक यादी असते. तीत अमुक आकड्यांनी सुरू होणारे पत्ते अमुक दिशेला, असे लिहिलेले असते. पाकिटावरील पत्ता यादीतील एकाहून अधिक नोंदींशी जुळला, तर ज्या नोंदीचे जास्तीत जास्त आकडे जुळतात तीच खरी धरायची, असा नियम आहे.

नियम सोपा आहे, पण यादी लहान नाही. संपूर्ण इंटरनेटची अशी यादी आज नऊ-दहा लाख नोंदींच्या घरात आहे. आणि मुख्य अडचण अशी की, पुण्याच्या राउटरने एवढी शोधाशोध करून दिशा ठरविली तरी त्याचे श्रम पुढच्याच्या उपयोगी पडत नाहीत. पुढचा राउटर तेच पाकीट हाती घेऊन पुन्हा पहिल्यापासून पत्ता वाचतो. त्याच्या पुढचाही तेच करतो. वाटेत दहा राउटर असतील तर एकच विचार दहा वेळा.

आमच्या पिढीतील वाचकांना बँकेतील पितळी टोकन आठवत असेल. आपण खिडकीवर धनादेश दिला की कारकून एक बिल्ला हातात ठेवी आणि त्यावरचा क्रमांक धनादेशाच्या पाठीवर लिही. मग धनादेश आत जाई. खातेवही उघडली जाई, शिल्लक व सही तपासली जाई, अधिकारी मंजुरी देई. शेवटी रोखपाल पुकारा करी, "सत्तावीस!" रोखपालाला तुमचे नाव-गाव किंवा तुमच्या खात्यातील शिल्लक यांच्याशी कर्तव्य नसे. जो विचार करायचा तो आधीच्यांनी एकदा केलेला असे. त्याच्यापुढे फक्त क्रमांक.

एमपीएलएस म्हणजे 'मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग' याच कल्पनेवर उभे आहे. पाकीट कंपनीच्या जाळ्यात शिरते, तेथील पहिला राउटर पत्ता नीट वाचतो, हे पाकीट कोणत्या वर्गातले व कोणत्या वाटेने जायचे ते ठरवतो आणि त्यावर एक क्रमांक चिकटवतो. हेच लेबल. मधले राउटर पत्त्याकडे पाहतही नाहीत. लेबलाचा क्रमांक पाहायचा, आपल्या तक्त्यात नेमकी तीच ओळ काढायची आणि पुढे सोडायचे. जाळ्याच्या टोकाला लेबल निघून जाते आणि पाकीट पुन्हा आपल्या मूळ पत्त्यानिशी बाहेर पडते.

येथपर्यंत टोकनाचे उदाहरण चालते. पुढे ते लंगडे पडते. टोकनाचा क्रमांक खिडकीपासून रोखपालापर्यंत एकच असतो. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यावरील खुणाही घरापासून कचेरीपर्यंत त्याच राहतात. लेबल मात्र प्रत्येक राउटरवर बदलते. मला हे प्रथम कळले तेव्हा विचित्र वाटले. जो क्रमांक ओळख पटविण्यासाठी लावला, तोच दर मुक्कामाला बदलायचा?

याचे उत्तर मला आमच्याच कार्यालयातील आवक-जावक वहीत सापडले. शाखेतून क्षेत्रीय कार्यालयाला पत्र गेले की त्यावर आमचा जावक क्रमांक असे. तेथे पोहोचल्यावर त्यांचा कारकून पत्र वाचून, विषय समजून घेऊन स्वतःचा आवक क्रमांक टाकी. दोन कार्यालयांचे क्रमांक वेगळे, कारण प्रत्येकाची वही वेगळी. आमचा ११२ आणि त्यांचा ११२ यांचा काही संबंध नसे. आता अशी कल्पना करा की, क्षेत्रीय कार्यालयाने आधीच कळविले आहे: "कर्जप्रकरणांची पत्रे पाठवाल तेव्हा त्यावर तुमचा नव्हे, आमच्या वहीतला ५७ हा क्रमांक लिहून पाठवा." मग तेथील कारकुनाला पत्र उघडून वाचण्याचे कारणच उरत नाही. ५७ दिसला की कोणत्या टेबलावर जायचे ते ठरलेले.

लेबलांचे हेच आहे. प्रत्येक राउटर आपल्या सोयीने क्रमांक देतो आणि आपल्या मागच्या शेजाऱ्याला सांगून ठेवतो की अमुक गावच्या मालावर हा क्रमांक लावून माझ्याकडे पाठव. देशभरच्या क्रमांकांचा हिशेब ठेवणारे एखादे मुख्य कार्यालय लागत नाही. दोन शेजाऱ्यांनी आपसात समजून घेतले की पुरे.

समजुतीसाठी भाच्याच्याच गावांवरून एक कल्पित वाट घेऊ. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना. जालन्याच्या दुकानासाठी निघालेले पाकीट पुण्याच्या राउटरवर आले. त्याने पत्ता वाचला आणि अहिल्यानगरने सांगून ठेवलेला २४ हा क्रमांक चिकटविला. अहिल्यानगरच्या तक्त्यात ओळ आहे: २४ आले तर २४ काढा, ५७ लावा, संभाजीनगरकडे सोडा. संभाजीनगरला जालन्याने सांगून ठेवले आहे, "माझ्या दारात येण्यापूर्वीच ते लेबल काढून टाक, मला त्याची गरज नाही." तेथे ५७ निघून जाते आणि पाकीट जालन्यात उतरते. शेवटच्याच्या आधीच्याने लेबल उतरवायचे, ही बारीकशी युक्ती मला फार आवडली. शेवटच्या राउटरला आधी लेबल पाहा, मग पत्ता पाहा, असे दुहेरी काम पडत नाही.

लेबल आकाराने फारच लहान असते. अवघे ३२ बिट, म्हणजे चार बाईट. त्यातील २० बिट क्रमांकासाठी, त्यामुळे १०,४८,५७६ निरनिराळे क्रमांक होऊ शकतात. त्यांपैकी ० ते १५ खास कामांसाठी राखून ठेवले आहेत. तीन बिट पाकिटाचा मान-प्राधान्य दाखवितात. फोनवरचे बोलणे आधी जावे, महिनाअखेरचे अहवाल मागून गेले तरी चालतील, असा भेद त्यातून करता येतो. आठ बिट आयुष्य मोजतात: प्रत्येक राउटरवर हा आकडा एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते. तसे नसते, तर चुकून वर्तुळात अडकलेले पाकीट जन्मभर फिरत राहिले असते. उरलेला एक बिट सांगतो की, या लेबलाच्या खाली आणखी एक लेबल आहे किंवा नाही. या एका बिटाचे महत्त्व पुढे येईल.

या तंत्राचा जन्म १९९६ च्या सुमाराचा. त्या काळी पत्ता शोधण्याचे काम राउटरना जड जाई. इप्सिलॉन नावाच्या एका लहान अमेरिकी कंपनीने वेगाची एक नवी युक्ती बाजारात आणली, सिस्कोने पाठोपाठ आपले 'टॅग स्विचिंग' मांडले, आयबीएम व तोशिबा यांच्याही आपापल्या रीती होत्या. प्रत्येकाची भाषा वेगळी राहिली असती तर एकाचे यंत्र दुसऱ्याला जोडता आले नसते. म्हणून इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने १९९७ मध्ये एक कार्यगट नेमला आणि जानेवारी २००१ मध्ये एकसामाईक आराखडा प्रसिद्ध झाला. एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन व रॉस कॅलन हे त्याचे लेखक.

गंमत अशी की, तोपर्यंत मूळ अडचण बरीचशी दूर झालेली होती. राउटरमधील चिप एवढ्या सुधारल्या की लांबलचक यादीतून पत्ता शोधणेही क्षणार्धात होऊ लागले. केवळ वेगासाठी लेबलाची गरज उरली नाही. बँकेत एखाद्या कारणासाठी उघडलेले खाते ते कारण संपल्यावरही चालू राहते आणि पुढे तेच मुख्य खाते होऊन बसते, तसे येथे झाले. लेबल टिकले ते दुसऱ्याच गुणांमुळे.

त्यातील पहिला गुण भाच्याच्या दरपत्रकाशी थेट निगडित आहे. लहान दुकानांतील संगणकांना बहुधा १९२.१६८.१.५ अशा धर्तीचे खासगी पत्ते दिलेले असतात. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरू शकतो. त्यामुळे भाच्याच्या दुकानात आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात अगदी तोच पत्ता असण्याचा संभव दाट. दोघांची पाकिटे एकाच कंपनीच्या एकाच तारेतून चालली आहेत. मग कोणते कोणाचे? एकाच नावाचे दोन खातेदार एका शाखेत असतात तेव्हा आपण खाते क्रमांक पाहतो. येथे तेच काम दुसरे लेबल करते. पाकिटावर एकावर एक अशी दोन लेबले चढवितात. वरचे लेबल गावाची वाट दाखविते आणि दर मुक्कामाला बदलते. आतले लेबल ग्राहक कोण ते सांगते आणि टोकापर्यंत तसेच राहते. मधल्या राउटरना ते दिसतही नाही. आपल्या जालन्याच्या उदाहरणात ५७ निघून गेल्यावर आतले लेबल उघडे पडते आणि त्यावरून जालन्याच्या राउटरला कळते की हा माल मसाल्याच्या दुकानाचा, शेजारच्याचा नव्हे. खाली आणखी एक लेबल आहे किंवा नाही हे सांगणारा तो एक बिट येथे कामी येतो. ही रीत रोझेन व याकोव रेख्टर यांनी १९९९ मध्ये मांडली आणि जगभरच्या कंपन्यांनी आपली 'खासगी लाईन' याच पायावर विकली. बीएसएनएलसारख्या आपल्याकडील कंपन्याही ती देतात. बँकांनी तर ती मोठ्या प्रमाणावर घेतली. हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेचे 'इन्फिनेट' जाळे १९९९ मध्ये उपग्रहाच्या आधारे सुरू झाले आणि पुढे तेथेही एमपीएलएस आले. शाखेच्या गच्चीवरील उपग्रहाची थाळी मी पाहिली आहे. पावसाळ्यात ती रुसत असे.

येथेच भाच्याच्या कुलूपबंद या शब्दाला मी हरकत घेतली.

लेबल पाकिटे वेगळी ठेवते. ती झाकत नाही. आतील मजकूर जसा लिहिला तसाच, उघड्या अक्षरांत जात असतो. तुमचा माल शेजाऱ्याच्या दुकानात जाणार नाही, एवढी हमी त्यात आहे. आणि तीही कंपनीच्या माणसाने तक्त्यात ओळ बरोबर भरली असेल तर. वाटेत त्या तारेपर्यंत ज्याचा हात पोहोचतो त्याला मजकूर वाचता येतो. आम्ही एका शाखेतून दुसरीकडे रोकड पाठवीत असू, तेव्हा पेटीवर चिठ्ठी लावीत असू आणि पेटीला दोन किल्ल्यांचे कुलूपही घालीत असू. चिठ्ठी लावली म्हणून कुलूप वगळण्याचे धाडस कोणी केले नसते. संगणकाच्या जगात कुलूप म्हणजे कूटलेखन, मजकूर सांकेतिक करून पाठविणे. ते स्वतंत्रपणे करावे लागते. एमपीएलएसवर ते करता येते, तसेच साध्या ब्रॉडबँडवरही करता येते. विक्रेत्याने असत्य सांगितले असे मी म्हणणार नाही. 'खासगी' या शब्दाचा अर्थ त्याने त्याच्या सोयीने घेतला आणि आपण आपल्या.

दुसरा गुण वाट निवडण्याचा. साधा राउटर सगळी पाकिटे जवळच्या वाटेनेच सोडतो. मग ती वाट तुडुंब आणि लांबची वाट ओस. लेबलाच्या साह्याने कंपनी ठरवू शकते की बोलण्याची पाकिटे जवळून न्यावी आणि मोठ्या फायली नाशिकवरून वळसा घालून न्याव्या. शिवाय एखादी तार तुटली तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवता येते. तुटलेल्या जागेच्या अलीकडचा राउटर पाकिटावर आणखी एक लेबल चढवतो आणि ते तयार ठेवलेल्या पर्यायी वाटेला लावतो. २००५ च्या नियमांनुसार बांधलेल्या जाळ्यात हा बदल सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास होतो. बोलणाऱ्याला कळतही नाही.

आता ती दुपार.

माझ्या शाखेत दोन लाईन होत्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक पडली तर दुसरी. दोघींचे भाडे दरमहा जात होते आणि लेखापरीक्षणात आम्हाला त्यासाठी पूर्ण गुण मिळत होते. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. दुपारी अडीचच्या सुमारास सगळ्या पडद्यांवरचे आकडे थांबले. दोन्ही लाईन एकाच क्षणी गेल्या होत्या. त्या वेळी ग्राहकांच्या आरटीजीएसची मुदत दुपारी साडेचारपर्यंतच होती. आमच्या एका जुन्या खातेदाराला दुसऱ्या राज्यातील व्यापाऱ्याकडे मालाची रक्कम त्याच दिवशी पोहोचवायची होती. भाव तेवढ्याच दिवसापुरता पक्का झाला होता. मी त्याचा अर्ज एका अधिकाऱ्याबरोबर रिक्षाने दुसऱ्या शाखेत पाठविला. सणासुदीची गर्दी, तेथेही रांग. नोंद होईपर्यंत साडेचार वाजून गेले. रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, तोवर तो माल दुसऱ्याला विकला गेला होता.

खातेदार मला एक शब्दही बोलला नाही. दोन महिने माझ्या केबिनमध्ये आला नाही, एवढेच.

संध्याकाळी मी रस्त्यावर चालत गेलो. कोपऱ्यावर पाण्याच्या वाहिनीसाठी जेसीबीने चर खोदला होता आणि त्यात दोन केबल तुटून लोंबत होत्या. शेजारी शेजारी. दोन कंपन्या, दोन बिले, दोन करार. आणि शाखेच्या दारापर्यंत चर एकच. कंपन्यांच्या जाळ्यात वीस पर्यायी वाटा तयार असतील, लेबले आपले काम चोख करीत असतील, पण शाखेपासून कंपनीच्या पहिल्या केंद्रापर्यंतच्या त्या दीड-दोन किलोमीटरांत वळसा घालायला जागाच नव्हती. नकाशा मागवावा, हे मला कधी सुचले नव्हते. बिलावर सही करताना दोन ही संख्या पाहून मी समाधान मानीत आलो होतो.

हे सर्व ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग आम्ही दोघांनी कागद पुढे ओढला. त्याचे बिलिंगचे सॉफ्टवेअर आता मार्केट यार्डातील संगणकावर नसून एका कंपनीच्या दूरच्या संगणकावर चालते. म्हणजे जालन्याचे पाकीट एमपीएलएसने आधी पुण्याला येणार आणि तेथून इंटरनेटवरच बाहेर पडणार. ज्या वाटेपासून दूर राहण्यासाठी भाडे भरायचे, तीच वाट शेवटी धरायची. शंभर शाखांच्या बँकेचे गणित निराळे आहे. तेथे प्राधान्य, खात्रीचा वेग, आणि बिघाड झाला तर जबाबदार कोण हे करारात लिहून मिळते, त्याचे मोल मोठे. चार ठिकाणांच्या व्यापाऱ्याला प्रत्येक ठिकाणी दोन साधी कनेक्शन आणि त्यावर कूटलेखन करणारे चांगले उपकरण पुरेल, असे माझे मत पडले. मात्र त्या दोन कनेक्शनांपैकी एक तारेचे असावे आणि दुसरे मोबाईल टॉवरवरून येणारे, असा आग्रह मी धरला.

भाच्याने तेथूनच विक्रेत्याला फोन लावला आणि विचारले की जालन्याच्या दुकानात तुमची केबल कोणत्या बाजूने येते आणि तिच्या चरात आणखी कोणाची केबल आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो गृहस्थ म्हणाला, "हे मला आजवर कोणी विचारलेले नाही, साहेब. विचारून कळवतो." लेख छापायला जाईपर्यंत त्याचा फोन आलेला नाही.